पेणकरपाड्याचा थर्ड अंपायर

रविवार, ५ जानेवारी १९९७

नवीन वर्षाचे संकल्प. पाच दिवस उशिरा, पण पक्के. एक, यंदा चिडायचं नाही. दोन, फोटोग्राफीत नाव काढायचं. दोन्ही एकाच वर्षात कसं जमणार, असं मनोरमाने विचारलं. नवऱ्याच्या संकल्पाची अशी खिल्ली उडवल्यावर दुसऱ्या कुणी ताट भिरकावलं असतं. मी फक्त वाटी भिरकावली. सुधारणा आहे.

सकाळी गॅलरीत ट्रायपॉड लावून टेस्ट. पन्नास एमएमची लेन्स लावली की माझा रशियन कॅमेरा ताठ उभा राहतो. एकशे पस्तीसची लावली की थोडी मान झुकते. आणि तीनशेची, म्हणजे माझी नवी सेकंडहँड तोफ, लावली की स्क्रू कितीही आवळा, कॅमेरा हळूहळू नाक खाली करत जातो आणि शेवटी वर्गात अंगठे धरून उभं केलेल्या पोरासारखा जमिनीकडे बघत बसतो. आज तर अख्खा ट्रायपॉडच पुढे कलंडला. लेन्स मी वरच्या वर झेलली, पण ट्रायपॉडचा पाय बरगडीत बसला. त्याला लाथ घातली. अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय. चूक ट्रायपॉडची.

मंगळवार, ७ जानेवारी

ऑफिसातून लवकर सटकून फोर्टला गेलो. कॅमेऱ्याच्या दुकानातला म्हातारा गुजराती म्हणाला, भाई, लंबे लेन्स को गले में रिंग डालो, रिंग को ट्रायपॉड पे कसो, वजन बीच में आ जाएगा. मी म्हटलं, म्हणजे तीन लेन्सला तीन रिंगा? लुटायला बसलात? तो म्हणाला, छोट्या लेन्सला लागतच नाही, फक्त मोठीला लागते. मग ट्रायपॉडचं मोठं हेड दाखवलं, नळाच्या कॉकसारखं, तीन दांड्यांचं. म्हटलं, मला बॅलन्स पाहिजे, प्लंबिंग नको. शब्दाने शब्द वाढला. मी त्याची कॉलर धरली. त्याच्या दोन माणसांनी मला उचलून फुटपाथवर ठेवलं.

वादात मी जिंकलो. त्याच्याकडे उत्तर असतं तर त्याने माणसं कशाला बोलावली असती?

बुधवार, ८ जानेवारी

आयडिया सुचली! माझी स्वतःची. ट्रायपॉडवर वीतभर लांब पोलादी पट्टी बसवायची. पट्टीला मधोमध खाच. कॅमेरा खाचेतून पुढे-मागे सरकवायचा. लेन्स जड तर कॅमेरा मागे, लेन्स हलकी तर पुढे. तरीही नाक खाली गेलंच, तर पट्टीच्या शेपटीला मागे वजन बांधायचं. एक पट्टी, तीन लेन्स. रिंगवाला म्हातारा झक मारत राहो.

ड्रॉइंग काढून लोकेशकडे दिलं. लोकेश म्हणजे मनोरमाचा धाकटा भाऊ. भाईंदर ईस्टला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बफिंगला आहे. दिवसभर भांडी घासून चकचकीत करतो आणि स्वतः काळा होऊन घरी येतो. संध्याकाळी आमच्या मंडळाकडून कबड्डी. पेणकरपाड्यात त्याच्यासारखा चढाईवाला नाही. पण बफिंगची धूळ छातीत बसतेय, दम कमी पडायला लागलाय. डॉक्टरांनी सांगितलंय, हे काम सोड. सोडून खाणार काय?

म्हणून सव्वीस तारखेची मंडळाच्या कपाची फायनल महत्त्वाची. एका मोठ्या कंपनीच्या टीमचे साहेब बघायला येणार आहेत. जिंकेल त्या टीमचा चढाईवाला ते उचलणार, आणि कायमची नोकरी देणार. सासूबाई रोज बुद्धविहारात जाऊन मेणबत्ती लावतायत.

माझाही हातभार लागला पाहिजे. फोटोग्राफर मीच.

रविवार, १२ जानेवारी

लोकेशने पट्टी आणली. आरशासारखी पॉलिश केलेली. म्हणाला, दाजी, तुमच्यासाठी रिकाम्या वेळात केली, कडा घासून घेतल्यात, हात कापणार नाही. पोरगा गुणी आहे. मागच्या वजनासाठी मनोरमाच्या खलबत्त्यातला बत्ता घेतला. (तिला सांगितलं नाही.)

संध्याकाळी मैदानावर प्रॅक्टिस मॅच होती. बत्ता दोरीने लोंबकळत ठेवला होता, ही थिअरी थोडी चुकली. वाऱ्याने बत्ता झोके घ्यायला लागला, कॅमेरा मान हलवायला लागला, दोरी सुटली आणि बत्ता कोंडिरामअण्णांच्या पायावर पडला. कोंडिरामअण्णा म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. रेती-सिमेंटचा धंदा आणि रेतीच्या ट्रकसारखाच आवाज. त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्यातल्या दोन मला नवीन होत्या.

तेवढ्यात मैदानात जुंपली. चढाईवाल्याचा हात मध्यरेषेला लागला की नाही, यावरून. एक म्हणतो लागला, दुसरा म्हणतो नाही. एकाचं नाक फुटलं, दुसऱ्याची बनियन फाटली, आणि पंच आत्माराम सर, म्हणजे शाळेतले पी.टी.चे सर, सोडवायला गेले तर त्यांच्याच कानाखाली बसली. तेव्हा मला साक्षात्कार झाला. ओट्यावर चढून ओरडलो की क्रिकेटमध्ये थर्ड अंपायर असतो, कबड्डीत का नको? रेषेच्या टोकाला माझा कॅमेरा लावतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला? फोटोत दिसेल ते खरं!

कोंडिरामअण्णांचा पाय बर्फाच्या बादलीत होता. म्हणाले, काय करायचं ते करा, पण तुमचं ते मुसळ माझ्यापासून लांब ठेवा. म्हणजे ठराव पास. आत्माराम सरांनी विचारलं, रोल धुऊन यायला किती वेळ लागतो? टेक्निकल बाबतीत पंचांनी पडू नये असं मी त्यांना शांतपणे सांगितलं. चिडलो नाही. संकल्प!

रविवार, १९ जानेवारी

टेस्टचा रोल आला. पन्नासच्या लेन्सने सगळं स्पष्ट, पण खेळाडू मुंग्यांएवढे. एकशे पस्तीसने मुंग्यांची झुरळं झाली. तीनशेने मोठे आले, पण दरवेळी बटण दाबेपर्यंत नाक खाली गेलेलं. परिणामी सगळ्या फोटोंत पाय आणि माती, माती आणि पाय. मनोरमाने विचारलं, चपलांचं दुकान काढताय का?

तिने हे सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी विहारात, आणि आता सबंध पेणकरपाडा बोलतोय. उत्तमरावांचा फोटो म्हणजे येतच नाही, आला तर घोट्यापर्यंत. पानवाल्याच्या टपरीवर एकजण म्हणाला, माझ्या टाचेला भेगा पडल्यात, एक फोटो काढता का? मी त्याची मान धरून टपरीच्या फळीवर आपटली. त्याने मला दोन दिल्या. खालचा एक दात हलतोय.

हसतील त्यांचे दात दिसतील. माझाही दिसतोय, पण तात्पुरता.

शुक्रवार, २४ जानेवारी, संध्याकाळी

जमलं. जमलं! जमलं!!

बत्ता लोंबकळत ठेवायचा नाही, पट्टीच्या शेपटीला सुतळीने करकचून आडवा बांधायचा. ट्रायपॉडच्या पोटाखाली पाण्याचा भरलेला कॅन टांगायचा, म्हणजे पाय रुततात. कॅमेरा खाचेत अगदी मागे. मग पट्टीवर मनोरमाच्या नेलपॉलिशने तीन रेघा मारल्या. पन्नासची इथे, एकशे पस्तीसची इथे, तीनशेची इथे. सगळे स्क्रू ढिले केले आणि हात सोडला. नाक खाली गेलं नाही. वरही गेलं नाही. तोफ अशी शांत उभी राहिली की मी दोन पावलं मागे सरकून तिला सलाम ठोकला.

मनोरमाला हाक मारली. ती आतून म्हणाली, पडलं की सांगा. थोड्या वेळाने, बत्ता कुठाय म्हणून बाहेर आली, बघितलं आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. पण तोफ हलली नाही. बॅलन्स म्हणजे बॅलन्स.

रविवार, २६ जानेवारी

लिहायला एकच हात आहे. उजवा सुजलाय.

फायनल आमची आणि समुद्रकाठच्या उत्तन गावाची. उत्तनचा कॅप्टन आणि चढाईवाला राघो. मासेमारीचा गडी, मनगट म्हणजे होडीचं वल्हं. मॅच कसली, कत्तल. पहिल्या पाच मिनिटांत आमच्या एकाचा खांदा निखळला. उत्तनच्या एकाला कोपर बसून भुवई फाटली, तर त्याने रक्त पुसलं आणि पुन्हा घोटा पकडला. कंपनीचे साहेब पुढच्या खुर्चीत. मी रेषेच्या टोकाला, शाळेच्या ओट्यावर, तीनशेची तोफ रोखून. कोंडिरामअण्णांनी माइकवरून जाहीर केलं होतं की वाद झाला तर कॅमेरा सांगेल ते फायनल. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. (काही हसलेही. त्यांची तोंडं लक्षात ठेवली आहेत.)

शेवटची चढाई लोकेशची. आम्ही दोन पॉइंटने मागे. लोकेश आत गेला, एकाला शिवला, आणि तो धरून तिघं लोकेशवर तुटून पडले. दोघं पायांना, राघो पाठीवर. लोकेश तसाच तिघांना ओढत रेषेकडे. तोंडाने कबड्डी कबड्डी चालू, पण आवाज फाटलेला. हात लांब केला. मी बटण दाबलं. त्याच क्षणी आत्माराम सरांची शिट्टी. तीन पॉइंट! जिंकलो!

राघो उठला. ओठ फुटला होता. थुंकला, आणि लोकेशपुढे हात केला. उत्तनची माणसं कुरकुरत होती, पण चादरी-पिशव्या उचलायला लागली होती.

आता इथे कुणीही तेच केलं असतं. एवढा सुंदर बॅलन्स, एवढा नेमका क्षण, आणि जगाला पत्ता नाही? मी ओट्यावरून ओरडलो, थांबा! कुरकुर कशाला? माझ्या कॅमेऱ्यात पुरावा आहे! फोटोत हात रेषेला लागलेला दिसेल, मग तर तोंड बंद कराल?

राघोने हात मागे घेतला. म्हणाला, फोटू हाय? मंग फोटू बघू. फोटू येवस्तवर कप कोनाचा न्हाय.

पुढचं तुकड्यातुकड्यात आठवतंय. खुर्च्या उडाल्या. उत्तनच्या टेम्पोची काच गेली. आमच्या मंडळाच्या फळ्याचे दोन तुकडे झाले, दोन्ही कुणाच्या तरी डोक्यात. तोफेवर कुणी येऊ नये म्हणून मी बत्ता सोडून गरगर फिरवला. तो आमच्याच खजिनदाराला लागला. उजव्या हातावर खुर्ची कुणी मारली ते कळलं नाही, पण आवाज कोंडिरामअण्णांसारखा होता. कंपनीचे साहेब खुर्चीखालून म्हणाले, बुधवारपर्यंत निकाल कळवा.

तोफेला ओरखडा नाही.

सोमवार, २७ जानेवारी

रोल स्टुडिओत टाकला. उद्या येईल.

बाजारात उत्तनच्या कोळणींनी पेणकरपाड्याच्या माणसांना मासळी द्यायची नाही असं ठरवलंय. मला माहीत नव्हतं. बोंबलाचा भाव विचारला. सुगंधा म्हणून एक आहे, तिने विचारलं, फोटूवाला तूच का? मी अभिमानाने हो म्हटलं. तिने टोपलीतलं सगळं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं, आणि वर टोपली घातली. स्टेशनच्या रस्त्याला दोन्हीकडच्या पोरांनी एकमेकांना धुतलं. आमचे तिघं दवाखान्यात, त्यांचे चौघं. कुणाच्याच आईला कळत नाही की एका फोटोसाठी एवढं काय.

कलेची किंमत लोकांना उशिरा कळते.

मंगळवार, २८ जानेवारी

फोटो आला.

आयुष्यात असा फोटो काढला नव्हता. नाक खाली नाही, हललेला नाही. चुन्याच्या रेषेचा कण न् कण मोजून घ्या. लोकेशच्या मनगटावरच्या शिरा दिसतायत, राघोच्या ओठावरचा रक्ताचा थेंब दिसतोय. आत्माराम सरांची शिट्टी तोंडात, हात वर गेलेला, म्हणजे निकाल दिलेला आहे. आणि लोकेशची बोटं रेषेच्या चांगली चार बोटं अलीकडे, राघोच्या पंजाखाली मातीत दाबलेली.

म्हणजे लागला नव्हता.

मनोरमाने फोटो बघितला. मग म्हणाली, फोटो आला नाही म्हणून सांगा. मी म्हटलं, कुणाला पटेल? ती म्हणाली, सगळ्यांना. तुमचा फोटो कधी आलाय? एवढंच बोला आणि घरी या. लोकेशची छाती बघवत नाही हो मला.

तिचं बरोबर आहे. लोकेश माझाही भाऊच. माझ्या लग्नात हाच चड्डीतला पोरगा माझे बूट लपवून बसला होता. ठरलं. फोटो आला नाही. आरशासमोर चारदा म्हणून बघितलं. फोटो आला नाही. सोपं आहे.

झोपण्याआधी पुन्हा एकदा फोटो बघितला. फक्त शार्पनेससाठी. मनोरमाला म्हटलं, पण चौथं शील? खोटं बोलणार नाही असं आपण रोज म्हणतो. ती म्हणाली, त्या तोफेची किंमत मला सांगताना कितवं शील होतं? बायकांशी तात्त्विक चर्चा होत नाही.

तरी ठरलंय. आला नाही.

बुधवार, २९ जानेवारी

मीटिंग मंडळाच्या खोलीत. एका बाजूला आमची पोरं, बँडेजसकट. दुसऱ्या बाजूला राघो आणि त्याची. दोन्हीकडे खुर्च्यांऐवजी सतरंजी, अण्णांनी मुद्दाम अंथरलेली. लोकेश कोपऱ्यात.

मी तोंड उघडायच्या आधीच कोंडिरामअण्णा उठले. म्हणाले, उत्तमरावांचा फोटो आला नसणार हे शेंबडं पोर पण सांगेल. तेव्हा सरांचा निकाल तोच निकाल. चहा सांगा. सगळे हसले. राघोसुद्धा हसला. म्हणाला, आमचे गावात पन म्हाईत हाय, यांचे फोटूत निस्ते पाय येतान. जाऊ द्या, पोराने धाडस केला, कप न्या तुम्ही.

संपलं होतं. मला खोटंसुद्धा बोलावं लागलं नव्हतं. शील शाबूत, नोकरी शाबूत. फक्त चहा प्यायचा होता.

चहा आला. पलीकडे कुणीतरी टाचेचं काहीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला. मी खिशातून पाकीट काढलं आणि फोटो सतरंजीवर ठेवला.

कोणीतरी करायलाच हवं होतं. मी म्हणजे निःपक्षपाती माणूस.

मग कोंडिरामअण्णांनी फोटो उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. म्हणाले, हा तुमचा नाही. एवढा चांगला फोटो तुमचा असणं शक्य नाही. कुणाकडून जोडून आणलात? उत्तनवाल्यांनी किती चारले? मी म्हटलं, माझाच आहे! पट्टी, खाच, नेलपॉलिशच्या रेघा, बत्ता, पाण्याचा कॅन, सगळं समजावून सांगायला लागलो. पाण्याच्या कॅनपर्यंत पोचलो तेव्हा अण्णांनी मुस्कटात दिली. हलणारा दात गेला. मग आमचीच पोरं. पाठीत, पोटात, मांडीवर. खजिनदार तर बँडेज बांधलेल्या डोक्यानेच ढुशी मारत होता. घरचा भेदी म्हणत होते. मी खाली पडूनसुद्धा ओरडत होतो, माझाच आहे, बॅलन्स बघा, बॅलन्स!

तेव्हा लोकेश उठला. अण्णांच्या हातातून फोटो घेतला. बघितला. म्हणाला, सोडा दाजींना. फोटो खरा आहे. माझा हात पोचला नव्हता.

मारायचं थांबलं. अण्णा म्हणाले, तू गप बस, तुला काय कळतंय. लोकेश फोटो माझ्या हातात देत म्हणाला, हात माझाच होता ना.

राघोने कप उचलला नाही, त्याच्या माणसांनी उचलला. जाताना राघो लोकेशच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, मग आपल्या माणसांमागे गेला.

शेवटी माझंच म्हणणं खरं ठरलं. फोटो माझाच होता हे सगळ्यांनी मान्य केलं. असं मी घरी येऊन मनोरमाला सांगितलं. तिने पिशवी भरली आणि आईकडे गेली.

रविवार, ९ फेब्रुवारी

कंपनीने राघोला घेतलं.

लोकेश परत बफिंगला. आता दोन पाळ्या करतो म्हणे.

आज दुपारी तो आला. मी दार उघडून एक पाऊल मागे सरकलो. मारायला आला असता तर बरं वाटलं असतं. त्याने विचारलं, दाजी, त्या फोटोची एक कॉपी मिळेल का? मी विचारलं, कशाला? म्हणाला, आईने मला कधी खेळताना बघितलं नाही. तिला भीती वाटते, ती मैदानावर येतच नाही. तिला दाखवायचंय, तिघं अंगावर असताना किती पुढपर्यंत गेलो होतो.

माझ्याकडे एकच होती, ती दिली. फोटो कसा आलाय, असं त्याला विचारणार होतो. आजपर्यंत कुणीच नीट सांगितलेलं नाही. पण तो तेवढ्यात जिना उतरायला लागला. दर मजल्यावर थांबत होता, खोकत होता, मग पुन्हा उतरत होता. मी दारातच उभा राहिलो. खालचा खोकला थांबल्यावर दार लावलं.